एक समीकरण, दोन अज्ञात

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

इजिप्तमध्ये गिझाच्या पिरॅमिडांपाशी पडलेल्या दगडांच्या चुऱ्यात मसुराच्या दाण्यासारखे गोल, चपटे खडे सापडतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार तेथे गेला होता. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणातले उरलेले दाणे दगड होऊन राहिले आहेत, असे लोकांनी त्याला सांगितले. स्ट्रेबोने ते लिहून ठेवले आणि आपल्या मुलखातही अशाच खड्यांची एक टेकडी आहे, अशी पुस्ती जोडली.

ते दाणे म्हणजे समुद्रात राहणाऱ्या एकपेशीय जीवांची कवचे आहेत. या जीवांना फोरॅमिनिफेरा म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'छिद्रे धारण करणारे' असा होतो. आल्सिद दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८२६ मध्ये हे नाव रूढ केले. त्याला हे जीव माकुळाचे छोटे भाऊबंद वाटले होते. फेलिक्स द्युजार्दां याने १८३५ मध्ये दाखवून दिले, की हा एका पेशीचा अगदी साधा जीव आहे. पिरॅमिडच्या दगडातले दाणे हे या कुळातले थोराड सदस्य. बाकीचे बहुतेक वाळूच्या कणाएवढे किंवा त्याहून लहान असतात. त्यांचे कवच ज्या पदार्थाचे असते, त्याच पदार्थाचा खडूही असतो, तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट.

या जीवांत दोन तऱ्हा आहेत. काही पाण्याच्या वरच्या थरात तरंगत राहतात, तर काही समुद्राच्या तळाशी. मेल्यावर दोघांचीही कवचे तळाच्या गाळात जमा होतात. खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर गाळ साचतो. म्हणजे दहा मीटर गाळात काही लाख वर्षांचा काळ एकावर एक रचून ठेवलेला असतो.

या गाळाकडे आपण का वळायचे? भारतात हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. पावसाच्या देशव्यापी नोंदी साधारण दीडशे वर्षांच्या आहेत आणि समुद्राच्या तापमानाच्या भरवशाच्या नोंदीही त्याच्या फार मागे जात नाहीत. पेशवे दप्तर फार तर तीनशे वर्षे मागे नेईल. पण मोसमी पाऊस किती बदलू शकतो, तो कशामुळे वाढतो आणि कशामुळे रुसतो, हे समजून घ्यायला दीडशे वर्षे फार थोडी आहेत. त्याहून जुने दप्तर समुद्राच्या तळाशी आहे. ते वाचायला माणसाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि मधल्या काळात ते एकदा चुकीचेही वाचले गेले. त्या वाचनाचा हा इतिहास आहे.

त्याची सुरुवात 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजापासून करता येईल. १८७२ ते १८७६ अशी साडेतीन वर्षे हे जहाज जगभरच्या समुद्रांत फिरून तळाचा गाळ उपसत होते. त्यावरचे निसर्गशास्त्रज्ञ जॉन मरे यांनी वरच्या पाण्यात बारीक जाळी ओढून पाहिली. तळाच्या गाळात जी कवचे मिळत, तीच कवचे धारण करणारे जिवंत जीव वर तरंगताना सापडले. गाळातली ही कवचे वरून पडलेली आहेत, हे त्यातून पक्के झाले. मरे यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. उष्ण पाण्यातल्या जाती वेगळ्या होत्या आणि थंड पाण्यातल्या वेगळ्या. झाडे पाहून जसा प्रदेश ओळखावा, तसे कवचे पाहून वरचे पाणी ओळखता येईल, ही कल्पना येथे रुजली.

तिचा पहिला पक्का उपयोग वोल्फगांग शॉट या जर्मन संशोधकाने केला. 'मेटेऑर' या जहाजाने १९२५ ते १९२७ या काळात अटलांटिक महासागरातून आणलेले गाळाचे नमुने त्याने तपासले. हे नमुने मीटरभरही लांब नव्हते. वरच्या थरात एक उष्ण पाण्यातली जात भरपूर होती. थोडे खाली गेल्यावर ती नाहीशी होत होती आणि आणखी खाली पुन्हा हजर होत होती. मधला तो थर हिमयुगाचा आहे, असा निष्कर्ष शॉटने १९३५ मध्ये मांडला.

पण मीटरभर गाळात जुना इतिहास किती मावणार? नळी जोराने गाळात घुसवली, की आतला गाळ घर्षणामुळे दाबला जाई. ब्योर्ये कुलेनबर्ग या स्वीडिश संशोधकाने नळीच्या आत दट्ट्या बसवला. पिचकारीत पाणी ओढले जाते, तसा गाळ फारसा न दबता नळीत येऊ लागला. १९४७-४८ मध्ये हान्स पेटरसन यांच्या नेतृत्वाखाली 'अल्बाट्रॉस' जहाजाने ही नळी घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली. दहा मीटरच्या वर लांबीचे गाळाचे दंडगोल त्यातून हाती आले. संशोधक त्यांना 'कोअर' म्हणतात. दप्तर हाती आले होते. आता ते वाचण्याची लिपी हवी होती.

ती लिपी एका रसायनशास्त्रज्ञाकडून मिळाली. हॅरॉल्ड यूरी हे जड हायड्रोजनच्या शोधाबद्दल १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळालेले अमेरिकी शास्त्रज्ञ. ऑक्सिजनचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. हजारातले सुमारे ९९८ अणू हलके, वजन १६ एकक. दोनच्या आसपास जड, वजन १८. कवच तयार होताना पाणी जितके थंड, तितके जड अणू कवचात किंचित जास्त शिरतात. यूरी यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच हे गणित मांडले आणि त्यांच्या लक्षात आले, की जुन्या कवचातील जड व हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण मोजले, तर तो जीव जगत असताना पाणी किती उष्ण होते, हे सांगता येईल. फरक मात्र अतिसूक्ष्म होता. तापमान एक अंशाने बदलले, तर हे प्रमाण हजारात जेमतेम पाव भागाने बदलते. एवढे मोजू शकेल असे यंत्र सिद्ध करायला शिकागो विद्यापीठातील त्यांच्या गटाला काही वर्षे लागली. सॅम्युएल एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये प्रमाणावरून तापमान काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले.

याच गटात चेझारे एमिलियानी हा इटलीतून आलेला तरुण होता. त्याने कॅरिबियन आणि अटलांटिकमधील कोअर घेतले, त्यांतून थराथराने तरंगत्या जातींची कवचे वेचली आणि एकेका थराचे तापमान काढले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधातल्या आलेखात रेषा करवतीच्या दात्यांसारखी वरखाली जात होती. उष्ण, थंड, पुन्हा उष्ण, पुन्हा थंड. तोपर्यंत आल्प्स पर्वतातील खुणांवरून चार हिमयुगे मानली जात. शाळकरी पुस्तकांतही चारच असत. एमिलियानीच्या आलेखात त्याहून जास्त दिसत होती. वरपासून खाली त्याने या टप्प्यांना क्रमांक दिले, उष्ण काळांना विषम आणि थंड काळांना सम. हे क्रमांक जगभर आजही वापरले जातात. हिमयुगात तेथील समुद्राचा पृष्ठभाग सुमारे सहा अंशांनी थंड झाला होता, असेही त्याने सांगितले.

याच ठिकाणी गोष्ट अडली. कवचातील ऑक्सिजनचे प्रमाण दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक पाण्याचे तापमान, आणि दुसरी म्हणजे त्या पाण्यातच जड ऑक्सिजन किती होता ही. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, तेव्हा हलके अणू आधी निसटतात. एरवी ही वाफ पाऊस होऊन नद्यांवाटे समुद्रात परत येते, त्यामुळे हिशेब जुळतो. हिमयुगात मात्र ती उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपवर बर्फ होऊन अडकून पडली. समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली आणि उरलेले पाणी जड झाले. म्हणजे कवच जड दिसले, तर पाणी थंड होते म्हणून की जमिनीवर बर्फ साचला होता म्हणून? शाळेत आपण शिकलो, की एका समीकरणातून दोन अज्ञात संख्या काढता येत नाहीत. येथे नेमके तेच झाले होते.

एमिलियानीला ही अडचण ठाऊक होती. त्याने बर्फाचा वाटा अंदाजाने ठरवला आणि तो थोडा धरला. थोडे गणित करून पाहू. समजा, हिमयुगातले कवच आजच्यापेक्षा हजारात १.८ भागांनी जड निघाले. बर्फाचा वाटा ०.४ धरला, तर तापमानासाठी १.४ उरतात आणि उत्तर येते सहा अंश. पण बर्फाचा वाटा १.० धरला, तर उरतात ०.८, आणि उत्तर साडेतीन अंशांच्या आसपास उतरते. कवच तेच, मोजमाप तेच, पण गृहीत बदलले की समुद्राचा इतिहासही बदलतो.

याची सोडवणूक केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन यांनी केली, आणि तिची युक्ती साधी होती. त्यांनी वर तरंगणारी कवचे बाजूला ठेवली आणि तळाशी राहणारी घेतली. खोल समुद्राच्या तळाचे पाणी आजच दोन अंशांच्या आसपास असते. समुद्राचे पाणी उणे दोन अंशांच्या जवळ गोठते. म्हणजे तळाचे पाणी हिमयुगात सहा अंशांनी थंड होणे शक्यच नव्हते. तरीही तळाच्या कवचांमधला फरक जवळजवळ वरच्या कवचांएवढाच निघाला. याचा अर्थ उघड होता. एमिलियानीच्या आलेखातले चढउतार मुख्यतः तापमानाचे नव्हतेच, ते जमिनीवरच्या बर्फाचे होते. तळवासी कवचे एका थरात फार थोडी मिळतात. म्हणून अगदी कमी नमुन्यावर चालेल, असे मोजयंत्र शॅकल्टन यांनी आधी तयार केले होते. त्यांचा निबंध १९६७ मध्ये आला. दोघांचा वाद त्यानंतरही काही वर्षे चालला.

एमिलियानीचे काम त्यामुळे वाया गेले, असे मात्र नाही. तापमापक म्हणून हाती घेतलेले साधन बर्फाचे माप निघाले, आणि ते एका अर्थाने जास्त मोलाचे ठरले. समुद्र सगळा एकमेकांत मिसळलेला असतो. त्यामुळे बर्फ साचल्याची खूण प्रत्येक महासागराच्या गाळात जवळजवळ एकाच वेळी उमटते. एका समुद्रातला थर दुसऱ्या समुद्रातल्या थराशी जोडण्याची सोय झाली. १९७३ मध्ये शॅकल्टन आणि नील ऑपडाइक यांनी पॅसिफिकमधील एका कोअरमध्ये पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची शेवटची उलटापालट शोधली. तिचे वय खडकांवरून ठाऊक होते. त्यामुळे साऱ्या टप्प्यांना काळाचे माप मिळाले.

यापुढचा महत्त्वाचा पुरावा हिंदी महासागराने पुरवला. जेम्स हेज, जॉन इंब्री आणि शॅकल्टन यांनी दक्षिण हिंदी महासागरातील दोन कोअर तपासले. त्यांत साडेचार लाख वर्षांची नोंद होती. या नोंदीतल्या लाटांचे पृथक्करण केले, तेव्हा सुमारे एक लाख, ४२ हजार, २३ हजार आणि १९ हजार वर्षांची आवर्तने निघाली. पृथ्वीच्या कक्षेचा आकार, तिच्या आसाचा कल आणि आसाचे डोलणे यांची आवर्तने याच मापाची आहेत. सर्बियाचे मिलुतिन मिलांकोविच यांनी हे गणित विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले होते. अनेकांनी ते बाजूला टाकले होते आणि १९५८ मध्ये ते वारले. १९७६ साली या सूक्ष्म कवचांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली.

पण मूळ प्रश्न बाकीच होता. तापमान वेगळे कसे काढायचे? एक मार्ग मरे आणि शॉट यांच्या वाटेने जाणारा होता. कोणत्या जाती किती प्रमाणात आहेत, ते मोजून त्यावरून तापमान काढण्याची संख्याशास्त्रीय पद्धत इंब्री आणि निल्वा किप यांनी १९७१ मध्ये दिली. तिच्या आधारे 'क्लायमॅप' या मोठ्या प्रकल्पाने १९७६ मध्ये हिमयुगातील समुद्राचा नकाशाच प्रसिद्ध केला. त्यात विषुववृत्ताजवळचे समुद्र फारसे थंड झालेले दिसत नव्हते, आणि त्यावर पुढे बराच वाद झाला.

दुसरा मार्ग कवचातच दडलेला होता. कवच घडताना कॅल्शियमच्या जागी थोडे मॅग्नेशियम शिरते. पाणी जितके उष्ण, तितके ते जास्त, अंशामागे सुमारे नऊ टक्के. यात बर्फाचा संबंध येत नाही. एकाच कवचातून दोन मोजमापे मिळाली, म्हणजे दोन समीकरणे झाली. आणखी एक मार्ग मिळाला तो सूक्ष्म शैवालांच्या मेदासारख्या पदार्थांमधून. पाण्याच्या तापमानानुसार त्यांची रचना बदलते. हे पदार्थ मुख्यतः ज्या शैवालापासून मिळतात, त्याचे नाव आहे एमिलियानिया हक्सलेयी. त्यात एमिलियानीचे नाव कायमचे गुंफले गेले आहे.

आता खारटपणाकडे वळू. पद्धत वजाबाकीची आहे. कवचातील ऑक्सिजनचे प्रमाण घ्या. मॅग्नेशियमवरून काढलेल्या तापमानाचा वाटा वजा करा. जगभरच्या बर्फाचा वाटा वजा करा. जे उरते, ते त्या ठिकाणच्या पाण्याचे स्वतःचे वैशिष्ट्य. पावसाचे आणि नदीचे पाणी हलके असते आणि गोडेही असते. बाष्पीभवन झालेले पाणी जड आणि खारट. म्हणून उरलेल्या आकड्यावरून पाण्याचा खारटपणा सांगता येतो. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या फ्राउके रोस्टेक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मालदीव बेटांजवळच्या एका कोअरमधून, शैवालांचा तापमापक आणि कवचांचा ऑक्सिजन एकत्र वापरून, तापमान आणि खारटपणा दोन्ही वेगळे करून दाखवले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये मॅग्नेशियमच्या पद्धतीने विषुववृत्तीय हिंदी महासागराचे जुने तापमान काढले. हिमयुगात तो आजच्यापेक्षा सुमारे दोन अंशांनी थंड होता, असे त्यांना आढळले.

आपल्यासाठी खारटपणा हा तापमानापेक्षाही जिव्हाळ्याचा विषय आहे. अरबी समुद्र खारट आहे, कारण तेथे पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त. बंगालचा उपसागर त्या मानाने गोडा, कारण गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, इरावती यांचे पाणी त्यात येते आणि वरून भरपूर पाऊसही पडतो. म्हणजे बंगालच्या उपसागराचा खारटपणा हे सबंध मोसमी पावसाचे एक प्रचंड पर्जन्यमापकच आहे. १९८१ मध्ये जे. एल. कलन यांनी त्या समुद्रातील जाती मोजून आणि १९८२ मध्ये झाँ-क्लोद द्युप्लेसी यांनी ऑक्सिजन मोजून सांगितले, की हिमयुगाच्या ऐन भरात हा उपसागर आजच्यापेक्षा खारट होता. उन्हाळी मोसमी पाऊस तेव्हा दुबळा होता. हिमयुग सरल्यावर, नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी, तोच पाऊस आजच्याहून जोरकस झाला होता. अरबस्तानच्या किनाऱ्यालगत मोसमी वाऱ्यांमुळे खालचे थंड पाणी वर येते. त्या पाण्यात वाढणाऱ्या एका जातीची कवचे त्या काळच्या थरांत भरपूर सापडतात. हा पुरावा वॉरन प्रेल यांनी १९८० च्या दशकात पुढे आणला.

कवचांचा संबंध माणसाच्या इतिहासाशीही येतो. सिंधूच्या मुखासमोरच्या समुद्रातील एका कोअरमध्ये मिखाएल श्टाउबवासर आणि सहकाऱ्यांनी पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या ग्लोबिजेरिनॉइडीस रूबर या जातीची कवचे मोजली. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी त्यांतील ऑक्सिजन बदललेला दिसला. सिंधूचे पाणी तेव्हा कमी झाले असावे, असा निष्कर्ष त्यांनी २००३ मध्ये काढला. हडप्पा संस्कृतीची नगरे ओस पडू लागली, तो काळ याच्या जवळपासचा आहे. पण येथे सावध राहायला हवे. कवच पाण्याविषयी सांगते. लोक गावे सोडून का गेले आणि कोठे गेले, हे उत्खननातूनच कळेल.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. खोल पाण्यात कवचे विरघळतात आणि त्यातले मॅग्नेशियम आधी जाते. खारटपणाचाही मॅग्नेशियमवर थोडा परिणाम होतो. तळाशी राहणारे किडे गाळ उकरून थर मिसळतात. प्रत्येक वजाबाकीत थोडी चूक शिरते आणि खारटपणा सर्वांत शेवटी येत असल्याने त्या साऱ्या चुका त्याच्या माथी येतात. म्हणून संशोधक एका साक्षीदारावर विसंबत नाहीत. काही वेळा साध्या खुणाही मदतीला येतात. रूबरची गुलाबी कवचे हिंदी महासागरात सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वी नाहीशी झाली. कोअरमध्ये गुलाबी दाणे दिसू लागले, की आपण त्याहून जुन्या काळात पोहोचलो, हे डोळ्यांनीच कळते.

'जॉइडीस रेझोल्यूशन' या जहाजाने २०१४-१५ मध्ये महानदीच्या मुखासमोर बंगालच्या उपसागरात खोलवर छिद्रे घेतली. त्यातील गाळावरून स्टीव्हन क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये नऊ लाख वर्षांच्या मोसमी पावसाची नोंद प्रसिद्ध केली. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला आणि जमिनीवरचा बर्फ घटला, की त्यामागोमाग पाऊस वाढत गेला, असे त्यांना दिसले. तापणाऱ्या पृथ्वीवर मोसमी पाऊस अधिक जोरकस होईल, असे संगणकावरची प्रारूपे सांगतात. त्या भाकिताला या नोंदीने बळ दिले.

मागच्या आठ लाख वर्षांत हवेतील कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत १८० ते ३०० च्या दरम्यान राहिला, असे अंटार्क्टिकाच्या बर्फातील हवेचे बुडबुडे सांगतात. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. त्या जुन्या काळात जे बदल व्हायला हजारो वर्षे लागली, ते आपण शे-दीडशे वर्षांत घडवत आहोत. म्हणून जुन्या नोंदीवरून पुढच्या पन्नास वर्षांचा पाऊस जसाच्या तसा वाचता येणार नाही. पण पाऊस कोणत्या बाजूला झुकेल, हे ती सांगते. धरणांचे सांडवे, शहरांतली गटारे आणि खरिपाचे नियोजन या सर्वांचा आधार आज दीडशे वर्षांच्या नोंदीच आहेत. पाऊस याच चौकटीत राहील, असे आपण गृहीत धरले आहे. ते गृहीत तपासून पाहायचे, तर त्याहून जुना पुरावा समुद्राच्या तळाच्या या कवचांत आहे.